चोवीस कप आणि ‘फ्रेंच पोरांवरचा पहिला हक्क’: मॉन्ट्रियल कनेडियन्सची कुळकथा

प्रश्न असा आहे: “मी नुकताच शिकायला मॉन्ट्रियलला आलोय. इथे लोक कनेडियन्स या आईस हॉकी टीमबद्दल बोलतात ते कुलदैवताबद्दल बोलावं तसं. माझा रूममेट टोरांटोचा. तो म्हणतो, यांचे चोवीस स्टॅनली कप ही सगळी लबाडी आहे, क्यूबेक प्रांतातल्या प्रत्येक फ्रेंच खेळाडूवर यांचा पहिला हक्क होता म्हणून जिंकले. हे खरं आहे का? आणि तसं असेल तर १९९३ नंतर एकही कप का नाही?”

रूममेट टोरांटोचा आहे म्हटल्यावर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. त्यांच्या मेपल लीफ्स या टीमने स्टॅनली कप, म्हणजे या खेळातलं सर्वात मोठं विजेतेपद, शेवटचा १९६७ साली जिंकला. पण त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. तसा नियम होता. फक्त त्या नियमाने जे दिलं आणि लोक समजतात की जे दिलं, त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आधी माझी ओळख. मी १९८९ साली पुण्याहून इथे आलो आणि गेली सत्तावीस वर्षं इथल्या एका सार्वजनिक रिंकवर नोकरी करतो. स्केट्सना धार लावायची, बर्फ राखायचा आणि शनिवारी सकाळी सहा-सात वर्षांच्या पोरांना पडून उठायला शिकवायचं, ही माझी कामं. हॉकीचा इतिहास मी पुस्तकात कमी आणि धारेच्या यंत्रापाशी उभं राहून जास्त ऐकला. एका जोडीला धार लावायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गिऱ्हाईक समोर उभं असतं. मॉन्ट्रियलमधलं गिऱ्हाईक गप्प उभं राहत नाही. त्यामुळे ऐकीव गोष्टी भरपूर साठल्या, आणि त्यांतल्या किती खऱ्या हे पडताळायची खोडही लागली.

सुरुवात १९०९ च्या डिसेंबरमध्ये झाली. माँरॉयल टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या या शहरात तेव्हा पैसा इंग्रजी बोलणाऱ्यांकडे होता आणि संख्या फ्रेंच बोलणाऱ्यांची जास्त होती. हॉकीच्या नावाजलेल्या टीम इंग्रजांच्या. ऑन्टारियोतल्या रेनफ्रू गावचा अँब्रोज ओब्रायन, खाणी आणि रेल्वेच्या कंत्राटांत श्रीमंत झालेल्या घरातला मुलगा, आपल्या गावच्या टीमला मोठ्या स्पर्धेत घ्या म्हणून विंडसर हॉटेलात आला होता. त्याला नकार मिळाला. त्याच दिवसांत वाँडरर्स या दुसऱ्या टीमलाही बाहेर काढलं होतं. त्यांचा जिमी गार्डनर आणि ओब्रायन असे दोन नाकारलेले लोक एकत्र बसले आणि त्यांनी स्वतःचीच वेगळी लीग काढली. गार्डनरने सुचवलं, या लीगमध्ये एक फ्रेंच टीम हवी. वाँडरर्स इंग्रजांची, ही फ्रेंचांची, म्हणजे दोन्हीकडची माणसं तिकीट काढून येतील.

म्हणजे ज्या टीमला आज फ्रेंच क्यूबेकचा श्वास म्हणतात, तिची कल्पना इंग्रजी बोलणाऱ्यांची, पहिला पैसा ऑन्टारियोचा, आणि हेतू गल्ला भरण्याचा. मला यात वावगं वाटत नाही. साधारण त्याच सुमारास आपल्या मुंबईत पारशी, हिंदू आणि युरोपियन अशा जमातवार टीमचं क्रिकेट जोरात होतं आणि १९१२ मध्ये मुस्लिमांची टीम येऊन तिरंगीची चौरंगी झाली. लोक आपल्या माणसांसाठी ओरडायला पैसे मोजतात, हे दोन्हीकडच्या लोकांना एकाच वेळी कळलं होतं.

ओब्रायनने टीम जमवायचं काम जॅक लाव्हिओलेट या खेळाडूवर सोपवलं. त्याने दिदिये पित्र आणि न्यूझी लालोंद यांना आणलं. पहिला सामना ५ जानेवारी १९१० रोजी, जुबिली रिंकवर, कोबाल्ट या खाणीच्या गावच्या टीमविरुद्ध. ओव्हरटाइममध्ये ७-६ असा जिंकला. तुमच्या रूममेटचा ‘पहिला हक्क’ इथे खरोखर होता. फ्रेंच खेळाडूंवर कनेडियन्सचा आधी अधिकार, असं लीगने सुरुवातीला ठरवून दिलं होतं. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की या टीमने फ्रेंच खेळाडूच घ्यायचे, अशीही अपेक्षा होती. हे बंधन काही वर्षांतच सैल करावं लागलं, कारण तेवढ्यावर भागेना.

वर्षभरात टीम जॉर्ज केनेडी या कुस्तीच्या फडांच्या आयोजकाकडे गेली. त्याच्या क्लबचं नाव ‘क्लब अ‍ॅथलेटिक कनेडियन’. जर्सीवर तेव्हा सी-ए-सी होतं. १९१७ मध्ये मधला ए जाऊन एच आला, ‘क्लब द हॉकी कनेडियन’चा. हा एच ‘हॅबितां’चा, म्हणजे जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांचा, असं माझ्या काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. त्यावरूनच टीमला ‘हॅब्ज’ म्हणतात. नाव गोड आहे, पण एच आहे हॉकीचाच. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या मालकाला कोणीतरी ही थाप मारली आणि ती चिकटली, असं सांगतात.

पहिला कप १९१६ चा. गोलकीपर होता शिकूतिमीचा जॉर्ज व्हेझिना. अबोल माणूस, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, म्हणून ‘शिकूतिमीची काकडी’ हे टोपणनाव. १९१० पासून एकही सामना न चुकवता तो १९२५ च्या नोव्हेंबरपर्यंत खेळला. त्या महिन्यात अंगात ताप असताना बर्फावर उतरला, मध्येच बाहेर आला आणि परत कधीच गेला नाही. क्षयाने मार्च १९२६ मध्ये वारला. आजही सर्वोत्तम गोलकीपरला त्याच्याच नावाची ट्रॉफी देतात. त्याआधी १९१९ मध्ये सिएटलला कपची अंतिम मालिका चालू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीने कनेडियन्सचे पाच-सहा जण आडवे झाले. दोन-दोन अशी बरोबरी असताना मालिका सोडून द्यावी लागली, आणि जो हॉल तिथेच इस्पितळात गेला. केनेडीही त्या आजारातून पुरता सावरला नाही. १९२१ मध्ये तो वारल्यावर टीम अकरा हजार डॉलरला विकली गेली.

आता थोडं माझ्या धंद्याचं बोलतो, कारण त्याशिवाय फोरम या त्यांच्या गाजलेल्या स्टेडियमची गोष्ट कळायची नाही. आज आमच्या रिंकवर सिमेंटच्या खाली नळ्या आहेत, त्यांतून गार खारं पाणी फिरतं आणि वर जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ धरतो. दोन सत्रांच्या मध्ये मी झँबोनी फिरवतो. ती वरचा खरवडलेला थर सोलते आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात देत जाते. गरम पाणी का, हे प्रत्येक नवखा विचारतो. गरम पाणी जुन्या बर्फाला वरून किंचित वितळवून त्याच्यात मुरतं आणि त्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून थर काचेसारखा धरतो. त्या काळी या शहरातल्या बहुतेक रिंकवर यातलं काही नव्हतं. रिंक लाकडी, बर्फ नैसर्गिक. थंडी पडली तर खेळ. आणि लाकडी असल्यामुळे त्या जळायच्याही: २ जानेवारी १९१८ रोजी वेस्टमाउंट अरीना जळलं, त्यात वाँडरर्सचा संसार संपला. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे आजची लीग, सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता.

१९२४ मध्ये अ‍ॅटवॉटर रस्त्याच्या कोपऱ्यावर फोरम उभं राहिलं, कृत्रिम बर्फाचं. ज्याला पुढे हॉकीचं देऊळ म्हटलं गेलं ते बांधलं होतं मरून्स या नव्या इंग्रज टीमसाठी. पण नोव्हेंबर संपत आला तरी कनेडियन्सच्या माँरॉयल अरीनात नैसर्गिक बर्फ धरेना. मग त्यांनी आपला घरचा सामना फोरममध्ये हलवला आणि २९ नोव्हेंबरला टोरांटोला ७-१ हरवून दुसऱ्याच्या वास्तूची वास्तुशांत करून टाकली. दोन वर्षांनी कायमचे तिथेच आले. आणि १९३८ मध्ये मरून्सच बंद पडले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्या काळातला मोठा खेळाडू हॉवी मॉरेन्झ. तो ऑन्टारियोचा, जर्मन वळणाच्या घरातला, फ्रेंचांशी रक्ताचं काही नातं नसलेला. तरीही फ्रेंच प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. जानेवारी १९३७ मध्ये फोरममध्येच त्याचा पाय मोडला, आणि मार्चमध्ये इस्पितळातच तो गेला. वय चौतीस. त्याची शवपेटी फोरमच्या मधोमध ठेवली होती आणि हजारो माणसं रांगेने येऊन गेली. मात्र तेव्हाचे कनेडियन्स दरिद्री होते, हे आज कोणाला सांगून पटत नाही. १९३५ मध्ये टीम क्लीव्हलंडला विकायची बोलणी झाली होती. १९३९-४० च्या हंगामात ४८ सामन्यांत १० विजय आणि तळाचं स्थान. तेव्हा क्यूबेकमध्ये फ्रेंच पोरं नव्हती का? होती की. तीच गल्ल्यांत खेळत होती. हक्क असून टीम डबघाईला आलेली. माझ्या मते रूममेटला एवढंच सांगितलं तरी पुरे.

उत्तराचा गाभा १९४६ मध्ये आहे. त्या वर्षी टोरांटोत मालकाशी वाजलं म्हणून फ्रँक सेल्की नावाचा बुटका, नेमस्त माणूस मॉन्ट्रियलला मॅनेजर म्हणून आला. (हा किस्सा टोरांटोकराला जरूर ऐकवा.) तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या आणि ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू टीमनी पाळीपाळीने निवडायची पद्धत, नव्हती. कोवळ्या वयाच्या पोराची एका कागदावर सही घेतली की तो आयुष्यभर त्या टीमचा. आसपासच्या पन्नास मैलांत घरच्या टीमचा शब्द चालायचा, बाकी सगळं रान मोकळं. सेल्कीने मालकांकडून पैसा काढला आणि देशभर कनिष्ठ टीम पोसायला घेतल्या (याला हॉकीत ‘फार्म’, म्हणजे शेत, म्हणतात). रेजायना, पीटरबरो, पार पश्चिमेकडच्या प्रेअरीपर्यंत. शेकडो पोरं एकाच पद्धतीने घडायला लागली. बाकीचे टीममध्ये जागा रिकामी झाली की माणूस शोधायचे. सेल्कीकडे प्रत्येक जागेसाठी रांग असायची. यात फ्रेंचपणाचा भाग किती? शेत घरापासून सुरू होतं, एवढाच. ऑन्टारियोतली पोरं टोरांटोच्या अंगणात वाढत होती आणि हॉकी तिथेही भरपूर खेळली जायची.

बरं, क्यूबेकची पोरंही सगळी यांना मिळाली का? मार्सेल प्रोनोव्हो डेट्रॉइटला गेला. रॉड जिल्बेर तर मॉन्ट्रियलचाच, तो आणि जाँ रातेल न्यूयॉर्कला गेले. आणि जाँ बेलिव्हो! त्याला मिळवायला जे करावं लागलं ते हक्क असणारा माणूस करत नाही. बेलिव्हो क्यूबेक सिटीत एसेस टीमकडून खेळायचा. लीग नावाला हौशी होती, पण त्याला पैसे उत्तम मिळायचे आणि गाव त्याच्यावर जीव टाकायचं. ‘व्यावसायिक झालोच तर कनेडियन्सकडे’ असा कागद त्याने दिला होता, पण तो व्यावसायिक व्हायलाच तयार नव्हता. शेवटी १९५३ मध्ये कनेडियन्सनी ती अख्खी लीगच विकत घेतली आणि तिला व्यावसायिक करून टाकलं. आता पळवाट उरली नाही. तरीही पाच वर्षांसाठी लाखाच्या वर डॉलर मोजावे लागले. सेल्की नंतर म्हणायचा की मी फक्त फोरमची तिजोरी उघडली आणि म्हटलं, घे बाबा हवं तेवढं.

पुढची पाच-सात वर्षं म्हणजे या टीमचा सुवर्णकाळ. नोव्हेंबर १९५५ मध्ये बोस्टनचे दोन खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसले असताना बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा नियम असा होता की दोन मिनिटांची शिक्षा म्हणजे पुरी दोन मिनिटं, समोरच्याने कितीही गोल करोत. पुढच्या हंगामापासून नियम बदलला: एक गोल झाला की शिक्षा भोगणारा परत बर्फावर. सहापैकी पाच टीमनी बाजूने मत दिलं. विरोधात कोण होतं हे सांगायला नको. आज तुम्ही सामना बघाल तेव्हा पॉवर प्लेमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे समोरच्यांचा खेळाडू कमी असताना, गोल झाल्यावर खोक्यातून उडी मारून बाहेर पडणारा खेळाडू दिसेल. ती उडी या टीममुळे आली आहे. गोलकीपरचा मुखवटाही असाच. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक, म्हणजे हॉकीतली रबरी चकती, कनेडियन्सचा गोलकीपर जाक प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घालून आल्यावर मुखवट्याशिवाय खेळणार नाही म्हणून तो अडून बसला, आणि दुसरा गोलकीपर नसल्यामुळे कोच टो ब्लेकला मान तुकवावी लागली. १९५६ ते १९६० सलग पाच कप. ही बरोबरी आजवर कोणालाही साधलेली नाही.

पण या शहराला समजून घ्यायचं तर कपांपेक्षा १७ मार्च १९५५ ची संध्याकाळ जास्त कामाची.

मोरिस रिशार, ‘रॉकेट’. बापाची मजुरी रेल्वेच्या कारखान्यात, मुलगाही कारखान्यात काम केलेला, इंग्रजी मोडकंतोडकं, डोळ्यांत आग. १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल करणारा पहिला माणूस. १३ मार्चला बोस्टनमध्ये त्याला स्टिक लागून डोक्याला जखम झाली. तो मारणाऱ्यावर धावून गेला आणि त्या झटापटीत आवरायला आलेल्या लाइन्समनलाही ठोसे मारले. लीगचा अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल, इंग्रज, वकील, कचेरी मॉन्ट्रियलमध्येच. त्याने रिशारला उरलेले तीन सामने आणि सगळे प्लेऑफ, म्हणजे कपसाठीचे हंगामाअखेरचे सामने, अशी बंदी घातली. हंगाम संपत आलेला, रिशार आयुष्यात पहिल्यांदा गुणांच्या (गोल आणि गोलला केलेली मदत) यादीत पहिला येण्याच्या बेतात. फ्रेंच मॉन्ट्रियलला ही शिक्षा एका खेळाडूला झाली असं वाटलंच नाही. कचेरीत, गिरणीत, दुकानात इंग्रज साहेब रोज जे करतो तेच आज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, असं वाटलं.

धमक्या आल्या तरी कॅम्बेल १७ तारखेला फोरममध्ये आला, तोही सामना सुरू झाल्यावर, सगळ्यांना दिसेल असा. अंडी, टोमॅटो, बुटांवर चढवायची रबरं, जे हाताला लागेल ते त्याच्यावर पडत होतं आणि तो बसून होता. पहिला भाग संपला तेव्हा डेट्रॉइट ४-१ ने पुढे. तेवढ्यात अश्रुधुराचा गोळा फुटला. सामना डेट्रॉइटला बहाल केला, माणसं बाहेर लोटली आणि सँ-कॅथरीन रस्त्यावरच्या काचा रात्रभर फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं: शिक्षा भोगतो, पुढच्या वर्षी परत येऊन कप जिंकतो. गुणांचा पहिला क्रमांक त्याचाच सहकारी बर्नी जोफ्रियोंने एका गुणाने नेला. त्याबद्दल घरच्याच लोकांनी जोफ्रियोंची हुर्यो उडवली. गोल केल्याबद्दल! रिशारला तो पहिला क्रमांक पुढे कधीच मिळाला नाही.

माझ्याकडे एक म्हातारबुवा अगदी परवापरवापर्यंत यायचे. स्केट्स जुन्या चामड्याच्या, पातं झिजून अरुंद झालेलं. त्यांना खोबण उथळ लागायची. पात्याचा तळ सपाट नसतो, मधून दगडाने गोलसर खोबण काढतात आणि दोन्ही कडांना धार राहते. खोबण खोल तर पाय बर्फात रुततो, उथळ तर सरकतो. त्या संध्याकाळी ते फोरममध्ये होते, बारा-तेरा वर्षांचे, बापाबरोबर. धुराचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे की घरी जाताना ट्राममध्ये बाप पहिल्यांदाच मोठ्याने फ्रेंच बोलत होता. एरवी ट्राममध्ये तो आवाज खाली ठेवायचा. हे सांगताना ते अंगठ्याचं नख पात्यावर आडवं ओढून धार बघत होते. मी काही बोललो नाही. इतिहासकारांत त्या दंगलीला क्यूबेकच्या फ्रेंच राजकीय जागृतीची पहिली ठिणगी मानावं की नाही यावर वाद आहे. माझं मत त्या ट्रामच्या बाजूने. (धंद्यातली एक गंमत जाता जाता: लीगच्या सामन्यात झँबोनी पहिल्यांदा फिरली ती याच फोरममध्ये, दंगलीच्या आठवडाभर आधी.)

आता येतो तुमच्या रूममेटच्या नियमावर. १९६३ मध्ये ड्राफ्ट सुरू झाला. त्यात कनेडियन्सना मुभा होती की आपल्या पहिल्या दोन निवडींच्या बदल्यात, सगळ्यांच्या आधी, दोन फ्रेंच-कॅनेडियन पोरं उचलावीत. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्या ड्राफ्टमध्ये यायची ती कोणाच्याच कागदावर सही नसलेली पोरं, म्हणजे चाळणीतून उरलेला चोथा. त्यामुळे कनेडियन्सनी बरीच वर्षं ही मुभा वापरलीच नाही. वापरली ती १९६८ आणि १९६९ मध्ये. मिळाले चार जण: गोलकीपर मिशेल प्लास, रॉजर बेलिल, रेजाँ ऊल, मार्क तार्दिफ. बेलिल लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ऊल आणि तार्दिफ चांगले निघाले, पण त्यांच्यावर कोणी घराणं उभं केलं असं म्हणता येणार नाही. आणि १९७० मध्ये जेव्हा खरं सोनं आलं, मॉन्ट्रियलच्याच ज्युनियर टीममधला जिल्बेर पेरो, तेव्हा मुभा संपलेली होती. तो बफलोला गेला.

मग सत्तरच्या दशकातले सहा कप कुठून आले? सॅम पोलॉककडून. सेल्कीनंतर १९६४ मध्ये हा मॅनेजर झाला. १९६७ मध्ये लीग सहावरून बारा टीमची झाली. नव्या सहा टीमकडे प्रेक्षक होते, मैदान होतं, खेळाडू नव्हते. पोलॉककडे सेल्कीच्या शेतातलं धान्य कोठारात मावत नव्हतं. तो नव्यांना म्हणायचा, हा तयार खेळाडू आज घ्या, मला तुमची चार वर्षांनंतरची ड्राफ्टमधली निवड द्या. भुकेलेल्याला बियाणं विकायला लावण्याचा प्रकार. कायदेशीर, आणि थोडा निर्दयही.

त्यातला कळस म्हणजे गी लाफ्लर. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये क्यूबेक सिटीत खेळणारा हा पोरगा पहिला जाणार हे पोलॉकला आधीच दिसत होतं. १९७० मध्ये त्याने कॅलिफोर्नियाच्या सील्सबरोबर सौदा केला. एर्नी हिकी आणि आपली त्या वर्षीची पहिली निवड देऊन त्यांची पुढच्या वर्षीची पहिली निवड घेतली. सील्स तळाला जातील हा हिशोब. पण हंगामाच्या मध्यावर लॉस एंजेलिस त्यांच्याहूनही खाली घसरायला लागलं. लॉस एंजेलिस शेवटी आलं तर लाफ्लर त्यांचा. जानेवारी १९७१ मध्ये पोलॉकने आपला अनुभवी सेंटर राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला, जवळजवळ फुकटात. लॉस एंजेलिस सावरलं, सील्स शेवटी आले, लाफ्लर मॉन्ट्रियलला आला. बॅकस्ट्रॉमला स्वतःलाच तेव्हा टीम सोडायची होती, त्यामुळे यात डाव किती आणि सोय किती यावर वाद घालायला जागा आहे. मला विचाराल तर पोलॉकने एका दगडात दोन पक्षी मारले. पण मुद्दा लक्षात घ्या. क्यूबेकच्या पोराला क्यूबेकच्या टीममध्ये आणायला एवढ्या कसरती कराव्या लागल्या, कारण तेव्हा हक्क उरलाच नव्हता.

त्या टीमची नावं बघा. ड्रायडन, रॉबिन्सन, गेनी, शट ही ऑन्टारियोची. लाफ्लर, लमेर, साव्हार, लापोइंत, कूर्नोआये ही क्यूबेकची. कोच स्कॉटी बोमन मॉन्ट्रियलच्याच इंग्रजी वस्तीतला. १९७६-७७ मध्ये ८० सामन्यांत ६० विजय, फक्त ८ हार, त्यातली घरच्या बर्फावर एक. हॉकीत यापेक्षा चांगली टीम झाली नाही असं मी म्हणतो आणि अजून कोणी मला खोडून काढलेलं नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. १९९३ मध्ये मी इथेच होतो. त्या प्लेऑफमध्ये कनेडियन्सनी ओव्हरटाइमचे सलग दहा सामने जिंकले. गोलमध्ये पॅट्रिक रुआ. लॉस एंजेलिसविरुद्ध पहिला सामना हरलेले, दुसऱ्यात एका गोलाने मागे, दोन मिनिटंही उरलेली नाहीत. कोच जाक देमेर्सने पंचांना मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजायला सांगितली. वाक नियमापेक्षा जास्त निघाला. शिक्षा झाली, एरिक देजार्दँने गोल केला आणि ओव्हरटाइममध्येही त्यानेच. माझ्या धंद्यातली माणसं तो प्रसंग वेगळ्याच प्रेमाने सांगतात: स्टिकच्या पात्याच्या वाकावरून फिरलेली मालिका! कप जिंकला त्या रात्री सँ-कॅथरीन रस्त्यावर पुन्हा काचा फुटल्या, या वेळी आनंदाने. मी भांडी घासायच्या कामावरून घरी चालत गेलो, बस बंद होत्या.

त्यानंतर कप नाही. त्यातली काही कारणं घरची आहेत. डिसेंबर १९९५ मध्ये डेट्रॉइटकडून ११-१ हार होत असताना कोचने रुआला वेळेवर बाहेर काढलं नाही. रुआ थेट टीमच्या अध्यक्षांपाशी गेला आणि म्हणाला, हा माझा इथला शेवटचा सामना. चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला दिलं आणि त्यांनी त्याच हंगामात कप जिंकला. तेव्हाचा मॅनेजर कोण? रेजाँ ऊल, तोच ‘हक्काने’ घेतलेल्या चौघांतला. पण मोठं कारण साधं आहे. सहा टीमच्या काळात, १९४२ ते १९६७ च्या पंचवीस वर्षांत, नुसत्या सरासरीने चार कप वाट्याला येतात. यांनी दहा जिंकले. आज टीम बत्तीस आहेत. सरासरीने कप बत्तीस वर्षांतून एकदा येतो. पोरांच्या सह्या घ्यायचं शेत ड्राफ्टने संपवलं, २००५ पासून पगाराला कमाल मर्यादा आली, आणि आता भविष्यातली निवड स्वस्तात विकणारा भोळा कोणी राहिला नाही. २०२१ मध्ये अंतिम फेरी गाठली होती, टँपाने ४-१ अशी मालिका जिंकली.

आणि ‘फ्रेंच’पणाचं म्हणाल तर आज ते उलट ओझं आहे, हक्काचं काही नाही. १९८० चा ड्राफ्ट खुद्द फोरममध्ये झाला. पहिली निवड कनेडियन्सची. मॉन्ट्रियलमध्ये वाढलेला देनी साव्हार समोर होता आणि यांनी पश्चिमेचा डग विकनहायझर घेतला. साव्हार शिकागोत तारा झाला, आणि बिचाऱ्या विकनहायझरला लोकांनी त्या निवडीची शिक्षा वर्षानुवर्षं दिली. साको कोइवू हा फिनलंडचा गुणी कर्णधार दहा वर्षं होता, त्यातली निम्मी वर्षं तो फ्रेंच का बोलत नाही यावर वर्तमानपत्रं लिहीत राहिली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणारा रँडी कनीवर्थ हंगामी कोच नेमला तर लोक रस्त्यावर आले, आणि मालकाला खुलासे करावे लागले. आपल्याकडे मराठी पाट्यांवरून जे होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे परकं वाटणार नाही. दुसऱ्या कोणत्याही टीमला कोच शोधताना हॉकी किती येते एवढंच विचारावं लागतं. यांना भाषाही विचारावी लागते. मे २०२१ मध्ये टीम पहिल्यांदा क्यूबेकमध्ये जन्मलेल्या एकाही खेळाडूशिवाय बर्फावर उतरली. तो सामना जिंकला की हरला हे माझ्या काउंटरवर कोणाला आठवत नाही, पण ती यादी सगळ्यांना पाठ आहे. सध्याचा कोच मार्टिन सँ-लुई लाव्हालचा आहे. लोक थोडे निवांत दिसतात ते त्यामुळेही.

रूममेटला घेऊन एकदा अ‍ॅटवॉटर मेट्रोला उतरा. फोरम मार्च १९९६ मध्ये बंद झालं, त्या रात्री रिशार बर्फावर आला तेव्हा टाळ्या दहा मिनिटांच्या आसपास थांबेनात आणि तो हात वर करून पुरे, पुरे म्हणत होता. आज आत सिनेमागृहं आणि दुकानं आहेत. बर्फाचा मध्यबिंदू जिथे होता तिथे जमिनीवर खूण आहे. आणि स्केट्स घेणार असाल तर पहिल्याच दिवशी दुकानातून खोल खोबण काढून आणू नका. नवशिक्याचा पाय रुततो आणि माणूस तोंडावर पडतो. अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची सांगा.